हवेवर चालणारी कापणारी हत्यारे आणि नाशिकच्या कार्यशाळा

नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींतील लहान कार्यशाळांत हवेवर चालणाऱ्या हत्यारांविषयी जी तक्रार नेहमी ऐकू येते ती 'टूल गेले' अशी दोनच शब्दांची असते, आणि तिच्यावरचा रूढ उपायही तितक्याच थोडक्यात उरकला जातो: जुने हत्यार कपाटात पडते आणि नवे मागवले जाते. नवे हत्यार काही आठवडे जोमाने चालते, पुढे तेही मंदावते आणि दोष उत्पादकाच्या किंवा कामगाराच्या माथी मारला जातो. हा क्रम वारंवार घडतो याचा अर्थ एवढाच की या हत्यारांच्या निगेचा प्रश्न हत्यारापाशी सुरू होतच नाही. तो कंप्रेसरच्या खोलीत, पाइपच्या उतारात, टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात आणि नळीच्या आतल्या व्यासात सुरू होतो व हत्याराच्या तोंडाशी फक्त नजरेस येतो. म्हणून या विषयाचा आढावा घेताना हत्याराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हवेचा विचार करणे भाग आहे.

हवेवरची कापणारी हत्यारे म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर फिरणारी किंवा मागेपुढे होणारी अशी हातात धरण्याची साधने, ज्यांच्या टोकाला धातू कापणारे, खरवडणारे वा भोक पाडणारे पाते असते. साच्यांच्या कोपऱ्यांत शिरणारा पेन्सिल ग्राइंडर, कार्बाइडच्या दातेरी बरने कडा साफ करणारा डाय ग्राइंडर, पातळ चाकाने पत्रा व पाइप तोडणारा कट-ऑफ, पत्र्याचे बारीक लचके तोडत पुढे सरकणारा निबलर, पत्र्याची कातर, गाड्यांच्या बॉडीकामात लागणारी हवेची करवत, ड्रिल आणि ओतकामावरचा जादा धातू उडवणारी छिन्नी ही त्यांतील मुख्य. नाशिकमध्ये यांतील प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे, कारण येथील उद्योग एकसुरी नाही: वाहनांच्या सुट्या भागांसाठी पत्रा दाबणारे, विजेच्या स्विचगियरची पॅनेल घडवणारे, डाय व मोल्ड करणाऱ्या टूलरूम, आडगावच्या ट्रक टर्मिनलभोवतीची दुरुस्ती आणि ओझरचे विमानकाम हे सगळे एक-दोन तालुक्यांच्या परिसरात नांदते.

दाबलेल्या हवेने कापण्याचा इतिहास कार्यशाळेतून नव्हे तर डोंगरातून सुरू होतो. फ्रान्स आणि इटली यांमधील मॉँ सेनी बोगद्याचे काम १८५७ मध्ये हातछिन्नीनेच सुरू झाले होते. १८६१ पासून तेथे हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे आली आणि कामाचा वेग इतका वाढला की हवेच्या हत्याराची उपयुक्तता वादातीत ठरली. याच वर्षांत नाशिकच्या दारात कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा लोहमार्ग कोरला जात होता आणि १८६५ मध्ये तो खुला झाला. तेथील काळा बेसॉल्ट मात्र पहार, घण आणि सुरुंगाची दारू यांच्याच बळावर फुटला. पुढे भारतात हवेच्या यंत्रांचे उत्पादन मुळावले ते स्वातंत्र्यानंतर: १९५८ मध्ये पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक, तर १९६० मध्ये पुण्याजवळ दापोडीला कारखाना काढणारी अॅटलास कॉप्कोची भारतीय कंपनी आणि कोइंबतूरची एल्जी. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, सातपूरची वसाहत उभी राहिली, आणि १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला. खडक फोडणाऱ्या यंत्रसामग्रीचा अॅटलास कॉप्कोचा कारखानाही नाशिकमध्ये होता, तो २०१८ च्या विभाजनानंतर एपिरॉक या नावाने चालतो. म्हणजे ज्या जिल्ह्याचा घाट हाताने फोडला गेला, तेथेच आता खडक फोडण्याची यंत्रसामग्री तयार होते.

ओझरचा उल्लेख केवळ स्थानिक अभिमानापोटी केलेला नाही. विमानाच्या सांगाड्यात रिव्हेटसाठी हजारो भोके पाडावी लागतात, ती पाडणारा माणूस अनेकदा आडवा किंवा वाकलेला असतो, आणि त्याच्या हातातले ड्रिल जितके हलके तितके भोक सरळ. त्याच ताकदीच्या विजेच्या ड्रिलपेक्षा हवेचे ड्रिल वजनाला पुष्कळ कमी भरते; ते अडकले तर थांबते, जळत नाही; त्यात विजेच्या ठिणग्या उडवणारे ब्रश नसतात; आणि अॅल्युमिनियमसाठी मिनिटाला काही हजार फेरे तर टायटॅनियमसाठी काहीशे, असा वेगाचा फरक गिअरच्या निवडीने साधता येतो. मिग-२१ पासून सुखोई-३० एमकेआयपर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये येथील रांगेतून पहिले उड्डाण केलेल्या तेजस मार्क-१एपर्यंत विमाने बदलली, पण विमानाच्या पत्र्यावरचे हातकाम जगभर आजही मुख्यतः हवेवरच होते. या कामाला लागणारी शिस्त, म्हणजे हत्याराचा क्रमांक, तपासणीची तारीख, बिटाची नोंद, अंबडच्या दहा माणसांच्या शेडला परवडणारी नाही असे समजले जाते. प्रत्यक्षात तिच्यातला बराच भाग एका वहीत आणि एका दाबमापकात सामावतो.

हत्याराच्या पोटात काय असते हे पाहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बहुतेक फिरत्या हत्यारांत पात्यांची हवाई मोटर असते: एका पोकळ नळकांड्यात किंचित एका बाजूला सरकवलेला रोटर, त्याच्या खाचांत सैल बसवलेल्या चार ते सहा सपाट पात्या, दोन्ही टोकांना चकत्या आणि त्यांच्या बाहेर बेअरिंग. हवा आत येते, पात्या बाहेर फेकल्या जाऊन नळकांड्याच्या भिंतीला टेकतात, त्यांच्यामध्ये अडकलेली हवा प्रसरण पावत पात्यांना ढकलते आणि रोटर फिरतो. रोटर आणि टोकाच्या चकत्या यांतील फट दोन-चार शतांश मिलिमीटरची असते; पात्या बाजारात 'हायलम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापड-रेझिनच्या जातीच्या असतात. या रचनेला तीन गोष्टी सोसत नाहीत: पाणी, धूळ आणि कोरडेपणा. पाण्याने पाती फुगते व खाचेत अडकते, रोटर गंजतो. धूळ फटीत शिरून भिंतीवर ओरखडे काढते. आणि तेल नसले तर पातीची कड झिजून ती भिंतीला नीट टेकत नाही, हवा मागच्या मागे निसटते. तिन्ही दोषांचे बाह्य लक्षण एकच असते: हत्यार मोकळे फिरते, आवाज करते, पण धातूला लावले की बसते.

हत्याराची ताकद ठरवणारा आकडा म्हणजे त्याच्या तोंडाशी, तेही ते चालू असताना, मिळणारा दाब. जवळजवळ सर्व हत्यारे ६.३ बर म्हणजे ९० पीएसआय दाबासाठी बनवलेली असतात. कार्यशाळेच्या भाषेत तो 'सव्वासहा-साडेसहा किलो' होतो. दाब एका बरने घटला तर मोटरची ताकद साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने घटते. पण दाबाइतकेच हवेचे प्रमाणही महत्त्वाचे आहे, आणि येथे माहितीपत्रके दिशाभूल करतात. मिनिटाला किती घनफूट हवा लागते हा आकडा, म्हणजे सीएफएम, अनेक पत्रकांत 'सरासरी' म्हणून चार-पाच एवढाच छापलेला असतो. ही सरासरी हत्यार मिनिटातले पंधरा सेकंदच चालते असे गृहीत धरून काढलेली असते. घरच्या गॅरेजला ती लागू पडेल. दिवसभर बर काढत बसलेल्या कामगाराच्या हातातला तोच डाय ग्राइंडर १८ ते २४ सीएफएम हवा पितो. दुसऱ्या बाजूला पाच अश्वशक्तीचा पिस्टनचा कंप्रेसर ७ बरला प्रत्यक्षात १५ ते १८ सीएफएमच देतो, कारण त्याच्या पाटीवर अनेकदा पिस्टनने व्यापलेली जागा लिहिलेली असते, बाहेर पडणारी मुक्त हवा नव्हे. एका ग्राइंडरला पुरेल न पुरेल अशा या कंप्रेसरवर तीन ग्राइंडर, एक ब्लोगन आणि कोपऱ्यात पेंटची गन जोडली जाते आणि मग 'टूल गेले' असा निष्कर्ष निघतो.

यात नाशिकची उंचीही थोडी भर घालते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याने येथे वातावरणाचा दाब मुंबईच्या मानाने सहा-सात टक्के कमी असतो. कंप्रेसर तेवढाच घनफळाचा घास घेतो, पण त्यात हवा वजनाने कमी येते. खरेदीच्या वेळी गरजेवर दहा टक्के जादा धरले तर हा प्रश्न मिटतो, म्हणून त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये कोंडलेला कंप्रेसर गरम हवा ओढतो ही अधिक खर्चिक बाब आहे, कारण आत येणाऱ्या हवेचे तापमान दर चार अंशांनी वाढले की विजेचा वापर सुमारे एक टक्क्याने वाढतो. आणि हवा ओढण्याचे तोंड सावलीत, बाहेरच्या बाजूला आणि पेंट बूथपासून दूर नेण्याला फारसा खर्च येत नाही.

खरा शत्रू पाणी. नाशिक जिल्ह्याची गंमत अशी की येथील औद्योगिक वसाहती तीन वेगळ्या हवामानांत वसल्या आहेत: इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गोंदे-वाडीवऱ्हेच्या पट्ट्यात त्याचा ओलावा येतो, नाशिक शहरात ७०० मिलिमीटरच्या आसपास, तर सिन्नर पर्जन्यछायेतले, कोरडे आणि धुळीचे. म्हणून सिन्नरला हवा ओढण्याच्या तोंडावरचा फिल्टर आधी तुंबतो, गोंद्याला टाकीचा तळ आधी भरतो. जुलैच्या दिवशी हवा २५ अंशांची आणि ८० टक्के आर्द्र असेल तर तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे १८ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ५० सीएफएमचा कंप्रेसर तासाला ८५ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे दीड किलोच्या वर वाफ आत घेतो. हवा आठपट दाबली जाऊन टाकीत ३५ अंशांपर्यंत थंड झाली की तिला यातले सुमारे ४०० ग्रॅम पाणीच वाफेच्या रूपात धरता येते. उरलेले एक लिटरहून थोडे अधिक पाणी दर तासाला टाकीत, पाइपात आणि काही सोय नसेल तर थेट हत्यारात उतरते. आठ तासांच्या अखंड पाळीचा हिशेब नऊ लिटरच्या घरात जातो. टाकीचा ड्रेन कॉक आठवड्यातून एकदा उघडणाऱ्या कार्यशाळेत हे पाणी कुठे जात असेल, याचे उत्तर रोटरवरचा गंज देतो.

उपाय टप्प्याटप्प्याचा आहे. कंप्रेसरनंतर हवा थंड करणारा आफ्टरकूलर, मग टाकी, तिच्या तळाशी रोज किंवा आपोआप उघडणारा ड्रेन, आणि त्यानंतर रेफ्रिजरेशनचा ड्रायर. हा ड्रायर हवा इतकी थंड करतो की दाबाखालचा तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते तो बिंदू, ३ अंशांपर्यंत खाली येतो. हवेच्या शुद्धतेच्या आयएसओ ८५७३-१ या आंतरराष्ट्रीय मानकात पाण्यासाठी चौथा वर्ग म्हणतात तो हाच, आणि कापणाऱ्या हत्यारांसाठी तो पुरेसा आहे. त्याहून कोरडी हवा करणारे महागडे ड्रायर येथे पैशाची उधळपट्टी ठरतात. ड्रायरचा खर्च शक्य नसेल तर निदान हत्याराच्या अलीकडे पाणी पकडणारा फिल्टर हवा. हिवाळ्यात निफाडच्या बाजूला पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा रात्रभर थंड पडलेल्या पाइपात पहाटे पाणी साचते; पहिल्या पाळीने हत्यार जोडण्यापूर्वी नळी मोकळी सोडून अर्धा मिनिट हवा वाहू देणे हा बिनपैशाचा उपाय आहे, तरी तो फार थोड्या ठिकाणी पाळला जातो. टाकीतून निघणारे दुधाळ पाणी तेलमिश्रित असते, हेही येथे नमूद केले पाहिजे: शेडमागच्या नाल्यात सोडलेले असे पाणी सातपूर-अंबडच्या बाजूने वाहणाऱ्या नासर्डीत, म्हणजे नंदिनीत, आणि तेथून गोदावरीत पोचते. तेल व पाणी वेगळे करणारे छोटे यंत्र बाजारात मिळते, आणि वेगळे झालेले तेल घातक कचऱ्यातच जमा करायचे असते.

पाइपलाइनबद्दल थोडक्यात एवढे पुरे की मुख्य पाइपला शंभरास एक असा उतार द्यावा, खाली येणारी प्रत्येक शाखा मुख्य पाइपच्या वरच्या बाजूने काढावी म्हणजे पाणी तिच्यात उतरत नाही, आणि पाण्यासाठी असलेला पीव्हीसीचा पाइप हवेसाठी कधीही वापरू नये, कारण तो दाबाने चिरत नाही, धारदार तुकड्यांनी फुटतो. नळीबद्दल मात्र थांबून बोलायला हवे, कारण नाशिकच्या कार्यशाळांत सर्वाधिक ताकद येथेच हरवते. २० सीएफएम हवा १० मीटर लांबीच्या, आतून १० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून नेली तर दाब सुमारे ०.४ बरने घटतो. व्यास ८ मिलिमीटर केला की घट सव्वा बरवर जाते, कारण घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. आता बाजारातला पीयू पाइप, म्हणजे निळा वा काळा पॉलियुरेथेनचा गुळगुळीत पाइप, बाहेरच्या व्यासाने विकला जातो: '१० चा पाइप' मागितला तर आतून साडेसहा मिलिमीटर मिळतात आणि '८ चा' मागितला तर पाच-साडेपाच. शिवाय तो गुंडाळीचा, म्हणजे अधिकच लांब, आणि दोन्ही टोकांना पाव इंची झटपट जोडणी, जिच्यातून हवा जायची वाट त्याहूनही अरुंद. अशा नळीच्या शेवटी लावलेला डाय ग्राइंडर साडेतीन-चार बरवर चालत असतो आणि कंप्रेसरवरचा काटा सात दाखवतो. मालक काट्याकडे पाहतो, कामगार हत्याराकडे, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. यावर कंप्रेसरचा दाब वाढवण्याचा जो उपाय योजला जातो तो दुहेरी तोट्याचा आहे: दाब एका बरने वाढवला की वीज सहा-सात टक्के अधिक लागते आणि गळतीही वाढते, तर नळी जाड घेण्याचा खर्च एका जेवणाच्या पार्टीएवढाही नसतो.

तेलाचा विषय सोपा असूनही वादाचा आहे. फिल्टर, दाब नियंत्रक आणि तेल सोडणारा लुब्रिकेटर यांची तिकडी, जिला सर्वत्र एफआरएल म्हणतात, हत्यारापासून पाच मीटरच्या आत असावी, कारण तेलाचे थेंब लांब नळीच्या भिंतीला चिकटून राहतात आणि हत्यारापर्यंत पोचत नाहीत. तेल पातळ, व्हीजी २२ किंवा ३२ या जातीचे आणि हवेच्या हत्यारांसाठीचे असावे. इंजिन ऑइलमधले साफ करणारे घटक पाण्याशी मिळून चिकट रबडी करतात व पात्या खाचेत अडकवतात. लुब्रिकेटर नसल्यास पाळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी हत्याराच्या तोंडात चार-पाच थेंब टाकून ते काही सेकंद मोकळे चालवावे. यांतला शेवटचा डोस सर्वाधिक महत्त्वाचा, कारण गंज चालताना नव्हे, रात्री कपाटात चढतो. जेथे कापल्यानंतर रंगकाम किंवा पावडर कोटिंग व्हायचे असते तेथे तेल उडालेले चालत नाही, आणि अशा पॅनेल बनवणाऱ्यांनी तेलाविना चालणाऱ्या पात्यांची हत्यारे घ्यावीत. पण त्यांनाही कोरडी हवा लागतेच, किंबहुना अधिक लागते.

कापणाऱ्या टोकाकडे वळले तर सर्वाधिक धोका चाकात आहे. ७५ मिलिमीटर व्यासाचे कट-ऑफ चाक मिनिटाला २०,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ७८.५ मीटर होतो, आणि चाकावर छापलेली मर्यादा ८० मीटर असते. म्हणजे ते आधीच काठावर असते. त्याच हत्यारावर गार्ड काढून १०० मिलिमीटरचे चाक बसवले की कडेचा वेग १०४ मीटरच्या पुढे जातो. गार्ड काढलेला कट-ऑफ हे आपल्याकडच्या कार्यशाळांतले नित्याचे दृश्य आहे आणि ते क्षम्य नाही. ज्या हत्यारांत वेग आवरणारा गव्हर्नर नसतो त्यांचा वेग दाबाबरोबर वाढतो, हेही ध्यानात घ्यावे. रेझिनने बांधलेली चाके ओलावा शोषतात. त्यांच्या मधल्या धातूच्या कडीवर वापराची अंतिम तारीख कोरलेली असते, जी सामान्यतः उत्पादनापासून तीन वर्षांची असते, आणि गोंद्यासारख्या ठिकाणी उघड्यावर ठेवलेले चाक त्याआधीच बेभरवशाचे होऊ शकते.

कार्बाइडच्या बरला हळुवार दाब आणि भरपूर वेग हवा असतो. वेग घटला की तो कापण्याऐवजी उडतो, उडाला की दात तुटतात, आणि कामगार त्यावर अधिक जोर देतो. म्हणून बर लवकर संपतात अशी तक्रार असेल तर पुन्हा दाबमापकाकडेच जावे लागते. अॅल्युमिनियमसाठी विरळ दातांचा बर वापरावा, दाट दातांत ते भरून बसते. बरचा दांडा कॉलेटमध्ये पुरेसा खोल जायला हवा. बाहेर जितका जास्त तितकी थरथर अधिक आणि दांडा वाकण्याची शक्यताही. निबलरच्या पंच व डायला पत्र्यावर लावलेले थोडे तेल दुप्पट आयुष्य देते, असे अनुभवी लोक सांगतात ते कारणाशिवाय नाही: कडा घर्षणाने तापून बोथट होतात. हवेच्या करवतीचे पाते निवडताना पत्र्याच्या जाडीत किमान दोन-तीन दात बसतील असे पाहावे, म्हणजे पातळ पत्र्याला इंचाला ३२ दातांचे, जाडाला २४ किंवा १८. छिन्नी रिकाम्या हवेत चालवू नये, तिचा आघात मग हत्याराच्या पुढच्या भागावरच पडतो. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत, जेथे ओतकाम साफ करणे हाच दिवसभराचा उद्योग आहे, हे नियम कुणी शिकवावे लागत नाहीत. नाशिकच्या मिश्र कामांत एकच कामगार सकाळी बर, दुपारी छिन्नी आणि संध्याकाळी करवत धरतो, म्हणून ते लिहून भिंतीवर लावावे लागतात.

हत्यार उघडण्याची वेळ कधी आली हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजून ठरवणे श्रेयस्कर. नवे असताना ६.३ बरला त्याचे मोकळे फेरे टॅकोमीटरने मोजून वहीत नोंदवावेत आणि दर महिन्याला पुन्हा मोजावेत. दाब तोच असून फेरे दहा-पंधरा टक्के उतरले की पात्या तपासाव्यात. चिकट झालेल्या हत्यारात थोडे रॉकेल टाकून, तोंड कापडाने झाकून, आगीपासून दूर काही सेकंद चालवले व मग तेल दिले तर अर्धी 'गेलेली' हत्यारे परत येतात. परत न आलेली खोलावीत, पात्यांची रुंदी मूळच्या तीन चतुर्थांशाखाली गेली असल्यास पूर्ण संच बदलावा, एकच पाती बदलू नये. टोकाच्या चकत्यांवर ओरखडे असतील तर नवी पाती घालूनही ताकद येत नाही. काटकोनी डोक्याच्या गिअरला ग्रीस लागते आणि नेमके तेच विसरले जाते.

माणसाच्या शरीराचा विचार या चर्चेत शेवटी येतो ही आपल्या औद्योगिक लेखनाची जुनी खोड आहे. हवेचे हत्यार ९० ते १०० डेसिबलपर्यंत आवाज करते, आणि आठ तासांसाठी कारखान्यांच्या नियमांतील मर्यादा ९० डेसिबल आहे. एक्झॉस्टचा सायलेन्सर तुंबला म्हणून काढून फेकणे हे त्यामुळे परवडणारे नाही. प्रसरण पावलेली हवा थंड असते, ती बोटांवर येते, आणि थंडी व कंप एकत्र आल्यावर बोटांतील रक्तप्रवाह आकसून ती पांढरी व बधिर पडण्याचा आजार बळावतो. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या सरासरीने कंपाची मर्यादा सेकंदाच्या वर्गाला ५ मीटर ठरवली आहे आणि अडीच मीटरपासूनच उपाययोजना बंधनकारक आहे. येथे तसे मोजमाप क्वचितच होते, तरी झिजलेले बेअरिंग आणि वाकलेला बर काढून टाकणे हे मोजमापाविना करता येते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३१ मध्ये दाबाखालील यंत्रांचा सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये याची, तर कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची जबाबदारी मालकावर टाकली. हवेच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि कामगाराचा चष्मा या दोन्ही गोष्टी त्यामुळे ऐच्छिक नाहीत. पाळी सुटताना ब्लोगनने अंगावरचा चुरा उडवण्याची सवय तर सरळ बंद व्हावी: सहा बरची हवा त्वचेत आणि डोळ्यांत शिरू शकते.

उरतो खर्च, आणि येथे हवेची बाजू लंगडी आहे. एक अश्वशक्तीचे काम हवेच्या मोटरकडून घ्यायला कंप्रेसरवर सात ते आठ अश्वशक्ती खर्ची पडतात, बाकी सारी उष्णता होते. ७ बरच्या लाइनला तीन मिलिमीटरचे एक भोक म्हणजे सुमारे तीन किलोवॉटची गळती. दिवसाला आठ तास, वर्षाला ३०० दिवस आणि युनिटला नऊ रुपये धरले तर वर्षाला ६४,८०० रुपये हवेत जातात. गळती शोधायला यंत्र लागत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर्व हत्यारे बंद ठेवून कंप्रेसर चालू करावा आणि तो किती वेळ भरतो व किती वेळ थांबतो हे घड्याळाने मोजावे: दोन मिनिटे भरून सहा मिनिटे थांबत असेल तर क्षमतेचा चौथा हिस्सा गळत आहे, आणि दहा टक्क्यांवरची कोणतीही गळती दुर्लक्षण्याजोगी नाही.

म्हणूनच बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांनी उभा केलेला प्रश्न टाळता येत नाही. दिवसातून वीस मिनिटे पत्रा कापणाऱ्या, साइटवर जाऊन पॅनेल बसवणाऱ्या किंवा एकाच करवतीसाठी दहा अश्वशक्तीचा कंप्रेसर फिरवणाऱ्या कार्यशाळेने हवा सोडून बॅटरीकडे जावे हेच शहाणपणाचे आहे. उलट जेथे हत्यार तासन्‌तास सलग चालते, हात ओले असतात, ठिणगीचे भय असते, जागा अरुंद असते किंवा मिनिटाला पन्नास-साठ हजार फेऱ्यांचा पेन्सिल ग्राइंडर लागतो, तेथे हवेला आज तरी पर्याय नाही. टूलरूम, फाउंड्री आणि विमानाचा सांगाडा या तीन ठिकाणी ती टिकून राहील. मधल्या सर्व कार्यशाळांनी पुढचे हत्यार मागवण्याआधी काहीशे रुपयांचा एक दाबमापक टी-जोडणीने नळीच्या हत्याराकडच्या टोकाला बसवावा, ट्रिगर पूर्ण दाबून काटा वाचावा, आणि तो सहाच्या खाली उतरत असेल तर ती मागणी रद्द करून आधी नळी बदलावी.